यान व्हॅन आयकच्या चित्रातले लाल शिरोवस्त्र पागोटे नव्हे

यान व्हॅन आयक या फ्लेमिश चित्रकाराने १४३३ मध्ये रंगवलेले एका पुरुषाचे व्यक्तिचित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. चौकटीवर चित्रकाराचे नाव आणि २१ ऑक्टोबर ही तारीख असून हे त्याचे आत्मचित्र असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. ‘लाल पागोटेवाला पुरुष’ या नावाने ते ओळखले जाते आणि त्या नावाबरोबर एक दावाही पसरत राहतो: या माणसाने पौर्वात्य धाटणीचे पागोटे बांधले आहे, व्हॅन आयकने ते इतके बारकाईने रंगवले आहे की फेट्याचे लांब लाल कापड घेऊन चित्राबरहुकूम गुंडाळले की हुबेहूब नक्कल तयार होते. नाटकाची वेशभूषा करणारे आणि कलाशाखेचे विद्यार्थी हा सल्ला विश्वासाने पाळतात, म्हणून त्याचा मुद्देसूद प्रतिवाद करणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा पागोट्याचा. चित्रात दिसते ते शापरों आहे आणि त्याचा उगम युरोपातच झाला. आपल्याकडच्या तान्ह्या मुलाच्या कुंचीसारखे, डोके झाकून खांद्यावर पसरणारे आणि मागे कापडी शेपूट असलेले हे वस्त्र मध्ययुगात सर्व थरांतले लोक वापरत. पुढे चेहऱ्यासाठी ठेवलेले तोंडच डोक्यावर बसवण्याची रीत पडली, त्यामुळे खांद्यावरचा घेर एका बाजूला लोंबू लागला आणि शेपूट दुसऱ्या बाजूला. पंधराव्या शतकापर्यंत त्या तोंडाच्या जागी आत भरण घालून शिवलेले जाड, गोल कडे आले. आपल्या चित्रातल्या माणसाने एरवी लोंबणारी ही टोके वर घेऊन डोक्यावर बांधली आहेत. फसगत होते ती नेमकी इथे. खरे पागोटे पाहायचे असेल तर त्याच संग्रहालयातले, १४८० ही तारीख असलेले आणि व्हेनिसचा चित्रकार जेंतिले बेल्लिनी याच्या नावावर असलेले ऑटोमन सुलतान दुसरा मेहमेद याचे चित्र पाहावे. तिथे लाल टोपीभोवती पांढऱ्या तलम कापडाचे वेढे आहेत आणि दोन्ही वस्त्रांची जात वेगळी आहे, हे नजरेला लगेच कळते.

साहजिकच ‘गुंडाळावे’ हा सल्लाही कोसळतो. फेटा सोडला की त्याचे सपाट कापड उरते. शापरों मात्र बेतून शिवलेली वस्तू आहे आणि ती डोक्यावरून अखंड उतरते. त्या काळच्या अनेक चित्रांत पुरुषांनी उतरवलेले शापरों शेपटीच्या आधाराने खांद्यावर टाकलेले दिसते, आणि तिथे त्याचे कडे आपला आकार टिकवून असते. म्हणून नक्कल करणाऱ्याने आधी कागदावर बेत काढावा, कडे, घेर आणि शेपूट शिवून जोडावे आणि मगच टोके वर बांधावीत. या क्रमाला आडवाट नाही.

कापडाबद्दलचा गैरसमज मला सर्वांत नुकसानकारक वाटतो, कारण शिवण बरोबर असूनही तो सगळे काम बिघडवतो. चित्रातल्या घड्या जवळून पाहाव्यात: त्या मोजक्या आहेत, जाड आहेत, त्यांच्या कडा गोलसर वळतात आणि दोन घड्यांमधली सावली खोल, जवळजवळ काळी होते. अशी घडी पाण्यात तुडवून घट्ट केलेल्या लोकरी कापडाला पडते, आणि व्हॅन आयकच्या फ्लँडर्समधली (आजच्या बेल्जियममधली) गेंट, इप्र यांसारखी शहरे अशा कापडासाठीच नावाजलेली होती. फेट्याच्या सुती मलमलीला बारीक चुण्या पडतात, तिला स्वतःचा उभारही नसतो. ती कितीही कौशल्याने रचली तरी हा भरीवपणा येत नाही. ओव्हरकोटासाठी मिळणारे जाड, चमक नसलेले लोकरी कापड त्याच्या पुष्कळ जवळ जाते. चकाकणारे सॅटिन तर मुळीच घेऊ नये.

राहिला चित्राच्या पुरेपणाचा प्रश्न. व्हॅन आयकची नजर विलक्षण होती. दाढीचे खुंट आणि डोळ्यातली लाल शीरही त्याने सोडली नाही. पण माणूस तीन-चतुर्थांश वळलेला आहे, पार्श्वभूमी काळीभोर आहे, आणि शिवण कुठून जाते किंवा मागचा भार कशाने तोलला आहे, हे चित्रातून समजण्याचा मार्ग नाही. बेतासाठी प्रत्यक्ष वस्त्रांकडे वळावे लागते. ग्रीनलंडमधल्या हेर्योल्फ्सनेस येथे १९२१ मध्ये झालेल्या उत्खननात थडग्यांतून लांब शेपटीच्या लोकरी कुंच्या मिळाल्या. त्या डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. त्या या चित्राच्या आधीच्या वळणाच्या आणि दूरच्या वस्तीतल्या असल्या, तरी घेर, तोंड आणि शेपूट एकमेकांना कशी जोडत, हे त्यांच्यावरून ठरवता येते. गोल कड्यासाठी पंधराव्या शतकातला फ्लॉरेन्सचा चित्रकार पावलो उच्चेल्लो याची रेखाटने आहेत: फ्लॉरेन्समध्ये अशाच शिरोवस्त्राच्या कड्याला मात्सोक्यो म्हणत, आणि यथार्थदर्शनाच्या, म्हणजे सपाट कागदावर खोली दाखवण्याच्या, अभ्यासासाठी उच्चेल्लोने ते पैलू पाडून, आरपार दिसावे असे रेखाटले. मात्र ती भूमितीची रेखाटने आहेत, शिंप्याचे बेत नव्हेत, म्हणून त्यांवरून फक्त आकार घ्यावा आणि जाडी स्वतःच्या कापडावर अजमावून पाहावी.