कथा नको, हे कुणाला विचारून ठरवलंत?

'तालुक्याच्या प्रेक्षकाला कथा नको, नुसती दणकेबाज मारामारी दिली की तो खूश' हे सिनेमांवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य वाचून डोकं फिरलं. मी तासगावचा, कॉलेज सांगलीत. मोठा पिक्चर आला की पहिल्या दोन दिवसांत बघणारच. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' लागला तेव्हा आम्ही सहाजण गेलो होतो. लढायांना शिट्ट्या पडल्या, नाही म्हणत नाही. पण संगमेश्वरला संभाजी महाराज पकडले गेल्यानंतर सगळं थिएटर असं गप्प झालं, की मागच्या रांगेतल्या एका आज्जीचं मुसमुसणं पुढं ऐकू येत होतं. दिवे लागले तरी माणसं उठेनात. इंटरव्हलला घेतलेला पॉपकॉर्नचा पुडा मित्रानं तसाच भरलेला बाहेर आणला. हे मारामारीनं झालं होय?

उलट मारामारीच मारामारी असलेला 'पुष्पा २' घ्या. तीन तास वीस मिनिटं! जत्रेचा सीन अल्लू अर्जुननं खाऊन टाकलाय, मान्य. पण शेवटी शेवटी आमच्या रांगेत निम्मे मोबाईलमध्ये होते, आणि माझी शेवटची एसटी चुकली ते वेगळंच. आता नितेश तिवारींच्या 'रामायण'लाही जाणार आहे. व्हीएफएक्स, म्हणजे कॉम्प्युटरवर केलेली दृश्यं, कशी का असेनात, 'केजीएफ'वाल्या यशचा रावण मला बघायचाय. फक्त तेव्हा तरी थिएटरवाल्यांनी डाव्या बाजूचा फाटका स्पीकर बदलावा. संवाद ऐकूच येत नसतील तर माणूस मारामारीलाच टाळ्या वाजवणार की!