‘मोबाइलची चिप लॅपटॉपमध्ये चालत नाही’ : फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

दहावी-बारावीचे निकाल लागले, प्रवेश सुरू झाले की मुंबईतल्या पालकांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश फिरू लागतो. शब्द बदलतात, सार तेच राहतं: नव्या लॅपटॉपांत मोबाइलची चिप टाकतात, ती जड कामाला टिकत नाही, तापली की बसते, बॅटरीचे आकडे फसवे असतात, विंडोजची सॉफ्टवेअरं त्यावर चालत नाहीत, तेव्हा डोळे मिटून इंटेल किंवा एएमडी घ्या. हा रोख एआरएम घराण्याच्या चिपांवर आहे: ॲपलच्या मॅकमधली एम मालिका आणि विंडोज लॅपटॉपांतली स्नॅपड्रॅगन एक्स. इंटेल आणि एएमडीच्या चिपा एक्स८६ या दुसऱ्या घराण्यातल्या. संदेशातला शेवटचा आक्षेप अर्धा खरा आहे, आणि नेमका तोच संदेशात एका ओळीत उरकलेला असतो. बाकीचे मुद्दे तपासून पाहिले तर उभे राहत नाहीत. घरातले साठ-सत्तर हजार रुपये अशा संदेशावर ठरू नयेत, म्हणून हे सविस्तर उत्तर.

‘ही मुळात मोबाइलसाठी केलेली चिप आहे.’

नाही. एआरएमचा पहिला प्रोसेसर १९८५ मध्ये इंग्लंडातल्या केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत तयार झाला. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी तो आखला. १९८७ मध्ये तो बसवला गेला आर्किमिडीज या टेबलावरच्या संगणकात. फोनमध्ये तो पुढे दहाएक वर्षांनी रुळला, कारण वीज कमी खात होता. आता उलट बाजू बघा. इंटेलची चिप असलेला जगातला पहिला स्मार्टफोन एप्रिल २०१२ मध्ये भारतातच आला, लाव्हाचा झोलो एक्स९००. २०१६ मध्ये इंटेलनं फोनच्या चिपांचा नाद सोडला. जन्म किंवा वापर पाहून जात ठरवायची, तर इंटेललाही ‘मोबाइलची चिप’ म्हणावं लागेल.

‘सूचना साध्या आणि छोट्या, म्हणून जड काम जमत नाही.’

सूचना म्हणजे चिपला दिलेली एकेक आज्ञा. एआरएमच्या सूचना साध्या आणि एक्स८६ च्या मोठ्या, या पुस्तकी व्याख्येतून हा समज आला आहे. इंटेलच्या चिपा १९९५ च्या पेंटियम प्रोपासून मोठ्या सूचना आतल्या आत तोडून छोट्या करूनच चालवतात. म्हणजे प्रत्यक्ष हिशेब करणारा भाग दोन्हीकडे सारख्याच धाटणीचा आहे. फरक दारात आहे, म्हणजे सूचना आत घेऊन उलगडण्यात. ६४ बिटच्या एआरएमची प्रत्येक सूचना बरोबर ४ बाइटची असते. एक्स८६ ची १ ते १५ बाइटपर्यंत कितीही. पुढची सूचना कुठे सुरू होते हे आधीच ठाऊक असल्यानं एकाच वेळी बऱ्याच सूचना उलगडणं एआरएमला सोपं जातं. नोव्हेंबर २०२० च्या ॲपल एम१ मधला मोठा कोअर (चिपमधला हिशेब करणारा एक स्वतंत्र भाग) घड्याळाच्या एका ठोक्यात ८ सूचना उलगडतो. म्हणून ३.२ गिगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ३२० कोटी ठोक्यांवर, तो त्या वेळच्या ५ गिगाहर्ट्झच्या आसपास धावणाऱ्या चिपांच्या बरोबरीनं एका कोअरचं काम करू शकला. दोन वेगळ्या घराण्यांच्या चिपांची गिगाहर्ट्झवर तुलना करणं इथंच निरर्थक ठरतं.

कमी गिगाहर्ट्झचा मोठा फायदा विजेत आहे. चिपची वीज वारंवारितेच्या, म्हणजे गिगाहर्ट्झच्या, प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही. वारंवारिता चढवायची तर व्होल्टेजही चढवावं लागतं, म्हणून शेवटच्या एका गिगाहर्ट्झची किंमत पहिल्या तिन्हींपेक्षा जड पडते.

जड कामाचा दाखलाच हवा असेल, तर जपानमधल्या कोबे इथला फुगाकू महासंगणक घ्या. जून २०२० मध्ये तो जगात पहिला आला, तो फुजित्सूच्या एआरएम चिपांवर, वेगळे ग्राफिक्स कार्ड न जोडता. ॲमेझॉनच्या मुंबईतल्या डेटा सेंटरांतही ग्रॅव्हिटॉन हे एआरएम सर्व्हर भाड्यानं मिळतात. तेव्हा ‘जड काम जमत नाही’ हे वाक्य सोडून द्यायला हवं.

मात्र याच्या विरुद्ध टोकाचा दावाही तितकाच चुकीचा आहे, की एक्स८६ म्हणजे वीजखाऊच. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेली इंटेलची लूनर लेक मालिका पातळ लॅपटॉपात दिवसभर टिकते. तिचा मुख्य भाग तैवानच्या टीएसएमसीकडून बनवून घेतला आहे आणि मेमरी चिपच्याच पाकिटात बसवली आहे. कारागिरी आणि मांडणी बदलली, की सूचनासंच तोच असूनही बॅटरी टिकते.

‘तापली की बसते.’

तापून मंदावणं हे थंडाव्याच्या सोयीवर ठरतं. २०२० मध्ये तोच एम१ दोन लॅपटॉपांत आला: पंखा नसलेल्या मॅकबुक एअरमध्ये आणि पंखा असलेल्या १३ इंची प्रोमध्ये. लांबलचक व्हिडिओ रेंडरला एअर काही मिनिटांनी मंदावतो, प्रो टिकून राहतो. स्नॅपड्रॅगन एक्सच्या बहुतेक लॅपटॉपांत तर पंखा असतोच.

मुंबईत हा मुद्दा वेगळ्या तऱ्हेनं महत्त्वाचा आहे. पंखा नसलेल्या लॅपटॉपची उष्णता तळातून आणि कडांतून बाहेर जाते, आणि मांडीला चटका बसू नये म्हणून तळाचं तापमान एका मर्यादेत रोखलेलं असतं. ती मर्यादा ४५ अंश धरा. २४ अंशांच्या एसी खोलीत उष्णता बाहेर टाकायला २१ अंशांचा फरक मिळतो. मे महिन्यात एसी नसलेल्या ३४ अंशांच्या खोलीत फक्त ११. उष्णता जाण्याचा वेग साधारण या फरकाच्या प्रमाणात असतो, म्हणजे टिकाऊ ताकद जवळजवळ निम्मी. पंखेवाल्या लॅपटॉपात चिप १०० अंशांपर्यंत जाऊ शकते. तिथं फरक ७६ वरून ६६ वर येतो, नुकसान आठवा हिस्सा. ॲपल स्वतः मॅकबुक एअर वापरण्याची कमाल मर्यादा ३५ अंश देते. घरात एसी नसेल आणि काम तासन्‌तास चालणाऱ्या एडिटिंगचं असेल, तर पंखा असलेलं मॉडेलच घ्या, चिप कोणतीही असो. नुसतं लेखन, ब्राउझर, कोडिंग असेल तर काम थोड्या थोड्या वेळाचं असतं. तिथं हा फरक जाणवणार नाही. शिवाय पंखाच नसेल तर मुंबईची धूळ आत ओढली जात नाही.

‘बॅटरीचे आकडे फसवे.’

आकडा खोटा नसतो, तो कशासाठी मोजला ते वाचलं जात नाही. एम१ एअरची बॅटरी ४९.९ वॉट-अवर. ॲपल सांगते ते १८ तास व्हिडिओ म्हणजे सरासरी सुमारे २.८ वॉट, १५ तास वेब म्हणजे ३.३ वॉट. व्हिडिओला चिपचा एक छोटा ठरावीक भागच राबतो, बाकीचा झोपलेला असतो, म्हणून तो आकडा मोठा दिसतो. स्क्रीनचा उजेड पूर्ण केला, सोबत व्हिडिओ कॉल चालू ठेवला तर ही सरासरी सहज दुप्पट-तिप्पट होते.

आता दुसरं टोक. कोअर आय९-१३९८०एचएक्स ही गेमिंग लॅपटॉपातली चिप कमाल १५७ वॉट ओढते. विमानात १०० वॉट-अवरपेक्षा मोठी बॅटरी परवानगीशिवाय नेता येत नाही, म्हणून लॅपटॉपांत ९९ च्या वर बॅटरी जवळपास नसतेच. ९९ भागिले १५७, म्हणजे ३८ मिनिटं, तीही एकट्या चिपची. म्हणून असे लॅपटॉप चार्जर काढला की स्वतःच वेग कापतात. प्लग लावून बसलात तर अनेक कोअरांच्या कामात ते पातळ एआरएम लॅपटॉपांच्या पुढे आहेत, हे मान्य करायला हवं. पण ज्याचा दिवस कल्याण लोकल, वर्ग आणि लायब्ररीत जातो, त्याला ती ताकद प्लगपाशीच भेटणार.

‘विंडोजची सॉफ्टवेअरं चालत नाहीत.’

इथं थांबून नीट पाहायला हवं. या समजाचं मूळ २०१२ च्या विंडोज आरटीमध्ये आहे. त्यावर नेहमीचे डेस्कटॉप प्रोग्राम टाकताच येत नव्हते, आणि मायक्रोसॉफ्टला २०१३ मध्ये त्या टॅबलेटांपायी ९० कोटी डॉलरचा फटका सोसावा लागला. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या पिढीत ३२ बिटचे जुने प्रोग्राम भाषांतर करून चालू लागले, २०२१ च्या विंडोज ११ मध्ये ६४ बिटचेही. २०२४ च्या स्नॅपड्रॅगन एक्स लॅपटॉपांबरोबर प्रिझम हा सुधारित अनुवादक आला. साधे प्रोग्राम आता बहुतेक चालतात. थेट एआरएमसाठी बांधलेले पूर्ण वेगानं, बाकीचे काहीशा कमी वेगानं.

जे अडतं ते ड्रायव्हरपाशी, म्हणजे जोडलेलं यंत्र विंडोजला चालवता यावं म्हणून लागणाऱ्या छोट्या प्रोग्रामापाशी. अनुवादक फक्त प्रोग्रामांचं भाषांतर करतो. विंडोजच्या गाभ्यात बसणाऱ्या ड्रायव्हरचं नाही. तो एआरएम६४ साठीच, म्हणजे ६४ बिटच्या एआरएमसाठीच, बांधलेला लागतो. मुंबईच्या रोजच्या व्यवहारात हे कुठं आडवं येईल? सीएच्या ऑफिसातलं डिजिटल स्वाक्षरीचं टोकन, आपले सरकार सेवा केंद्रातलं आधारचं बोटठसा यंत्र, जुन्या मराठी डीटीपी सॉफ्टवेअरचं यूएसबी डोंगल (परवान्याची किल्ली), दहा वर्षांचा लेझर प्रिंटर, कंपनीच्या नेटवर्कला दुरून जोडणारं व्हीपीएन. व्हॅलोरंटसारखे खेळ तर गाभ्यात बसून फसवेगिरी पकडणाऱ्या पहारेकरी प्रोग्राममुळे चालतच नाहीत.

तपासणी सध्याच्या संगणकावरच करता येते. डिव्हाइस मॅनेजर उघडा, टोकन किंवा प्रिंटर जोडून त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हरचा टॅब पाहा. पुरवठादार म्हणून मायक्रोसॉफ्टचं नाव असेल तर तो बहुधा विंडोजसोबतच येतो आणि अडचण येण्याची शक्यता कमी. दुसऱ्या कंपनीचं नाव असेल तर त्या कंपनीच्या डाउनलोड पानावर एआरएम६४ आवृत्ती आहे का ते शोधा. नसेल तर त्यांच्याकडून लेखी उत्तर घ्या. टोकनच्या बाबतीत आणखी एक मेख आहे: टोकन ओळखलं गेलं तरी एआरएमचा ब्राउझर एक्स८६ साठीची स्वाक्षरीची फाइल स्वतःत चढवू शकत नाही. म्हणून प्रत्यक्ष सही करून पाहिल्याशिवाय खात्री धरू नका. वाय-फाय प्रिंटरसाठी सोपी खूण आहे: कंपनीचं ॲप न टाकता फोनवरून छापता येत असेल, तर एआरएम विंडोजवरूनही छापता येण्याची शक्यता दांडगी.

इंजिनिअरिंगच्या मुलांनी विषयांची यादी आधी काढावी. इलेक्ट्रॉनिक्सच्या शाखेत एफपीजीएसाठी (हवी तशी जुळणी करता येणारी चिप) विवाडो हे सॉफ्टवेअर लागलं तर ते मॅकवर नाही आणि एआरएम विंडोजसाठीही नाही. कुडा (एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डावर हिशेब करवून घेणारं सॉफ्टवेअर) लागणाऱ्या मशीन लर्निंगला एनव्हिडियाचं कार्ड हवं. ॲपलच्या चिपांवर कुडा चालत नाही. प्रोग्राम त्याच्या सगळ्या सामानासकट एका गाठोड्यात (इमेजमध्ये) बांधणारं डॉकर वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की एम मालिकेच्या मॅकवर बांधलेली इमेज मुळात एआरएमची होते आणि इंटेलच्या सर्व्हरवर ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ देऊन पडते. बांधतानाच एएमडी६४ (६४ बिटच्या एक्स८६ चं दुसरं नाव) हा प्लॅटफॉर्म सांगावा लागतो.

एक इशारा जुन्या मॅकबद्दल. स्वस्तात मिळणारा इंटेलचा मॅक घेऊ नका: मॅकओएस २६ ही इंटेल मॅक चालवणारी शेवटची आवृत्ती आहे. आणि ‘एआरएमला ८ जीबी पुरते’ हे ऐकू नका. मेमरी एकत्रित असली तरी तीच ग्राफिक्सलाही वाटून द्यावी लागते. ॲपलनंच ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या वेळच्या मॅकची किमान मेमरी १६ जीबी केली. ती पाकिटातच बसवलेली असते, नंतर वाढत नाही. लूनर लेकचीही वाढत नाही.

लॅमिंग्टन रोडवर किंवा मॉलमधल्या दुकानात मॉडेल ठरलं, की चार्जर काढून सिनेबेंच २०२४ या चिपची ताकद मोजणाऱ्या चाचणीची दहा मिनिटांची फेरी लावायला सांगा. ती दोन्ही घराण्यांच्या चिपांवर भाषांतराविना चालते. लगेच दुसरी फेरी लावा. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच घसरला तर थंडावा अपुरा आहे. गीकबेंच ही तशीच दुसरी चाचणी मध्ये मध्ये थांबत चालते, त्यात ही घसरण दिसत नाही. बिलावर मॉडेलचा पूर्ण क्रमांक लिहून घ्या, कारण नाव एकच आणि आत चिप वेगळी असं सर्रास असतं: डेल एक्सपीएस १३ मध्ये ९३४५ म्हणजे स्नॅपड्रॅगन आणि ९३५० म्हणजे इंटेल.