‘एमआरआय नॉर्मल, म्हणजे आजारच नाही’ : एका फिरत्या संदेशाला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतल्या मराठी व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. हातापायांना मुंग्या, बधिरपणा, तोल जाणे, अचानक येणारी दुर्बलता अशी लक्षणे असलेल्या, परंतु अजून निदान न झालेल्या माणसांना उद्देशून तो लिहिलेला आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा : एमआरआय नॉर्मल आला की मेंदू आणि नसा ठणठणीत आहेत, बाकी सारे मनाचे खेळ, मेंदू आणि मनाच्या आजारांवर उपचार करणाऱ्या बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेत जाण्याची चिठ्ठी मिळाली की वेडाचा शिक्का बसला, दोन-तीन डॉक्टर करूनही आजाराचे नाव कळत नसेल तर ते लुबाडत आहेत, नसांच्या कमजोरीवर बी-१२ चा कोर्स पुरेसा आहे, आणि महिनाभर थांबल्यास सगळे आपोआप जाते. धीर देण्याच्या हेतूनेच कोणीतरी हे लिहिले असावे, हे मी मान्य करतो. पण तो ज्यांच्या हाती पडतो ती माणसे आधीच घाबरलेली असतात आणि त्यातले जवळजवळ प्रत्येक विधान त्यांना चुकीच्या वाटेला लावते, म्हणून एकेक विधान तपासून पाहणे भाग आहे.

एमआरआय रचनेचे चित्र देतो. गाठ, रक्तस्राव, दबलेला मज्जारज्जू, मेंदूतले डाग त्यात दिसतात. मज्जातंतूंमधून संदेश नीट वाहतो आहे की नाही, हे दिसत नाही. अर्धशिशी, अपस्माराचे म्हणजे फिटचे कित्येक प्रकार, सुरुवातीच्या काळातला पार्किन्सन म्हणजे कंपवात, दिवसभरात स्नायू थकवत नेणारा मायस्थेनिया, मधुमेहाने झालेली हातापायांच्या नसांची हानी, या सर्वांत मेंदूचा एमआरआय निर्दोष असू शकतो. नसांचा वेग मोजणारी एनसीव्ही चाचणीसुद्धा जाड तंतूंपुरतीच बोलते. वेदना आणि उष्णता वाहून नेणारे बारीक तंतू तिच्या टप्प्यात येत नाहीत, त्यामुळे रात्रभर तळपायांची आग होणाऱ्या माणसाचा तोही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. मेंदूतल्या विद्युत लहरी टिपणाऱ्या अर्ध्या तासाच्या ईईजीत झटक्याची खूण सापडली नाही म्हणून अपस्मार नाही, असेही ठरत नाही. आणि आपल्याकडे विसरून चालणार नाही असे बधिरपणाचे आणखी एक कारण म्हणजे कुष्ठरोग. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून तो संपल्याचे देशाने २००५ च्या अखेरीस जाहीर केले असले, तरी नवे रुग्ण आजही सापडतात. कातडीवरचा फिकट, बधिर चट्टा आणि कोपरामागची जाड झालेली नस डॉक्टरांच्या डोळ्यांना आणि बोटांना सापडते. त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि वेळेवर मिळाली तर हाताची बोटे वाकडी होण्यापासून वाचतात.

‘मनाचे खेळ’ हे दुसरे विधान मला सर्वांत जास्त खटकते, कारण त्याने माणूस घरातच एकटा पडतो. मेंदूची रचना शाबूत असूनही त्याचे कामकाज बिघडते, अशी एक खरीखुरी अवस्था आहे आणि डॉक्टर तिला ‘फंक्शनल’ विकार म्हणतात. तिचे निदान केवळ बाकी काही सापडले नाही म्हणून केले जात नाही. १९०८ साली हूवर या डॉक्टरांनी वर्णन केलेली खूण पाहा : आडव्या झोपलेल्या रुग्णाला दुबळी टाच गादीवर दाबायला सांगितली तर दाब येत नाही, पण चांगला पाय वर उचलायला सांगितला की त्याच दुबळ्या टाचेखाली ठेवलेल्या डॉक्टरांच्या हाताला जोर जाणवतो. हे सोंग नव्हे. पायाची ताकद शाबूत आहे आणि तिच्यापर्यंत पोचण्याची वाट बिघडली आहे, हे त्यातून कळते, आणि योग्य फिजिओथेरपीने अनेकांना फरकही पडतो. निदान लांबले की झोप उडते, काळजी वाढते, हेही खरे आहे. पण ती काळजी बहुतेक वेळा लक्षणांच्या मागोमाग आलेली असते. तिच्यासाठी १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या, मोफत क्रमांकावर बोलण्यात काहीही कमीपणा नाही.

निम्हान्सविषयीचा गैरसमज आपल्या भागात जुना आहे. १९७४ साली स्थापन झालेल्या आणि २०१२ साली राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरलेल्या या ठिकाणी मानसोपचाराइतकेच मेंदू आणि मज्जासंस्थेच्या आजारांचे मोठे विभाग आहेत. तिथे जाण्याची चिठ्ठी मिळूनही केवळ लोक काय म्हणतील या धास्तीने ती कपाटात ठेवून देणे, हे रुग्णाचे थेट नुकसान आहे.

‘डॉक्टरांना कळत नाही’ या आरोपाला मात्र सविस्तर उत्तर हवे. काही आजारांची ओळख काळाशिवाय पटतच नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजारात मज्जासंस्थेच्या वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या वेळी घाव झाल्याचा पुरावा डॉक्टर शोधतात. पहिल्याच खेपेला तो मिळाला नाही तर प्रामाणिक डॉक्टर नाव सांगत नाहीत, पुन्हा बोलावतात. पार्किन्सनचे पहिले नेमके वर्णन १८१७ सालचे असले, तरी आजही त्याचे निदान मुख्यतः समोर बसवून, चालवून, हात हलवायला लावूनच होते. म्हणून मधला काळ रुग्णाच्याही कामाचा असतो. साध्या वहीत तारीख, वेळ, किती मिनिटे, त्या वेळी काय करत होतो, एवढे लिहावे. ‘अशक्तपणा आहे’ असे सांगण्यापेक्षा काय जमत नाही ते सांगावे. पायातली चप्पल निसटते का, आणि निसटलेली कळते का? निसटते पण कळते, तेव्हा डॉक्टरांचे लक्ष घोट्याच्या ताकदीकडे जाते. निसटून मागे राहिली तरी कळत नाही, तेव्हा संवेदनेकडे. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो का? पाटावरून उठताना हात टेकावे लागतात, की भात कालवताना आणि निऱ्या घालताना बोटे ऐकत नाहीत? पहिल्यात डॉक्टर मांड्या-खांद्यांचे स्नायू तपासतात, दुसऱ्यात हातापायांची टोके. बेळगावातल्या वडगाव-खासबागेच्या मागावर तुटलेला धागा जोडणाऱ्या विणकराला आपली चिमूट सकाळी बरी असते की संध्याकाळी, हे कोणत्याही यंत्राआधी समजते, आणि संध्याकाळी ढिली पडणारी चिमूट ही डॉक्टरांसाठी फार मोलाची बातमी आहे. झटका येतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ तर कित्येकदा रिपोर्टच्या जाड फाइलीपेक्षा जास्त सांगून जातो.

कामाचीही माहिती लपवू नये. काही कीटकनाशकांच्या विषबाधेनंतर दोन-तीन आठवड्यांनी पाय लुळे पडू शकतात. २०१६ साली गोव्यातल्या काजूबागांत हंगामाला गेलेल्या बेळगाव जिल्ह्यातल्या मजुरांमध्ये माकडतापाचे, म्हणजे जंगलातल्या गोचिडींमुळे होणाऱ्या तापाचे, रुग्ण आढळले होते, आणि त्या तापाच्या दुसऱ्या फेरीत काहींना कंप आणि भ्रम होतो. फवारणी केली होती, हंगामाला बाहेरगावी गेलो होतो, ही वाक्ये डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगावीत. डॉक्टर बदलायचे असतील तर जरूर बदलावेत, पण जुने रिपोर्ट आणि ही वही बरोबर न्यावी. नाहीतर मिरजेत, कोल्हापुरात, हुबळीत प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून सुरुवात होते आणि पैसा खरोखरच वाया जातो.

बी-१२ चे विधान अर्धे खरे आहे. शाकाहारी माणसांत आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत त्याची कमतरता खूप आढळते, आणि तिने मज्जारज्जूची हानीही होते. पण रक्त तपासण्याआधीच इंजेक्शने घेतली तर नंतरचा आकडा फसवतो. नुसते फॉलिक ॲसिड घेतले तर रक्त सुधारते आणि नसांची हानी मात्र चालूच राहते. दुकानातून आणलेल्या गोळ्यांत बऱ्याचदा बी-६ ही असते. ते मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास स्वतःच नसांना इजा करते, हे १९८३ पासून नोंदलेले आहे.

शेवटचे विधान, महिनाभर थांबण्याचे, सरळ धोक्याचे आहे. तोंड वाकडे होणे, एक हात गळून पडणे, बोलणे अडखळणे अचानक झाले तर तो पक्षाघात असू शकतो; मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनासाठी साधारण साडेचार तासच हातात असतात, आणि खानापूरच्या जंगलपट्ट्यातून शहर गाठण्यातच त्यातला मोठा वाटा जातो. म्हणून १०८ ला फोन करावा आणि सीटी स्कॅन व ते इंजेक्शन कुठे मिळेल, हे निघतानाच विचारून घ्यावे. आयुष्यातली सर्वांत भयंकर डोकेदुखी क्षणार्धात सुरू झाली, जांघेभोवती बधिरपणा येऊन लघवी अडली, किंवा पायांपासून सुरू झालेली दुर्बलता काही दिवसांत वर चढत हातांपर्यंत आली आणि गिळताना ठसका लागू लागला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात पोचावे; या शेवटच्या प्रकारात श्वासाचे स्नायूही थकतात आणि तेव्हा कृत्रिम श्वासाची सोय असलेला विभाग जवळ असावा लागतो.