सावळ्या त्वचेला कॅन्सर होत नाही? त्या मेसेजमधल्या चार दाव्यांना उत्तर

एक मेसेज सध्या फोनाफोनांतून फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : त्वचेचा कॅन्सर हा गोऱ्यांचा आजार, सावळ्या माणसाला मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, वाचवतं. शंका आलीच तर उन्हात राहणारा चेहरा आणि हात तेवढे तपासा. तीळ दुखत नसेल तर निर्धास्त राहा. आणि काही झालं तरी त्याला सुरी लावू देऊ नका, कॅन्सर पसरतो; लसूण-चुना लावून घरीच जाळा. यातल्या पहिल्या वाक्यात थोडं तथ्य आहे, आणि त्याच्या आधारावर पुढची तीन खपून जातात. म्हणून मला हा मेसेज घातक वाटतो.

तथ्य आहे ते एवढंच. मेलॅनिन अतिनील किरणं अडवतं. गडद त्वचेचं हे नैसर्गिक संरक्षण साधारण एसपीएफ १३ (सनस्क्रीन किती संरक्षण देतं त्याचं माप) इतकं भरतं. त्यामुळे गोऱ्या लोकांत हा आजार कितीतरी जास्त आढळतो. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. अमेरिकेतल्या नोंदींनुसार कृष्णवर्णी लोकांना मेलॅनोमा (त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर) क्वचित होतो, मात्र झाला तर तो उशिरा सापडतो आणि त्यातून वाचणाऱ्यांचं प्रमाण गोऱ्या रुग्णांपेक्षा कमी असतं. ‘आपल्याला होतच नाही’ हा समज या उशिरात भर घालतो.

‘उन्हातली जागा तेवढी तपासा’ हा सल्ला सर्वांत वाईट. सावळ्या-काळ्या त्वचेत मेलॅनोमा बहुधा तळपाय, तळहात आणि नखाखाली होतो, आणि तिथे उन्हाचा फारसा संबंध नसतो. जमैकाचा गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली असाच मेलॅनोमा निघाला. आधी ती फुटबॉल खेळताना झालेली इजा वाटली होती. १९७७मध्ये निदान झालं आणि १९८१मध्ये, ३६व्या वर्षी, तो गेला.

नखाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. सावळ्या लोकांच्या बऱ्याच नखांवर बारीक उभे तपकिरी पट्टे असतात, ते बहुतेक निरुपद्रवी. पण एकाच नखावर नव्याने पट्टा उमटला, तो ३ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल किंवा रुंदावत चालला असेल, काळपटपणा नखाच्या कडेच्या कातडीवर उतरला असेल, तर डॉक्टरकडे जा. मार लागून साकळलेलं रक्त नख वाढेल तसं पुढे सरकतं आणि मागून स्वच्छ नख येतं. डाग सरकत नसेल तर ‘काहीतरी लागलं असेल’ म्हणून सोडू नका. तळपायावरचं बरं न होणारं कुरूपही दाखवून घ्या.

दुसरी दुर्लक्षित जागा म्हणजे भाजल्याचे जुने व्रण आणि वर्षानुवर्षं चिघळणाऱ्या जखमा. त्यांत स्क्वेमस सेल कार्सिनोमा हा त्वचेचा आणखी एक कॅन्सर होऊ शकतो, कधीकधी भाजल्यानंतर काही दशकांनी. जुन्या व्रणावर नवी गाठ आली, कडा जाड झाल्या, रक्त यायला लागलं, तर ती तपासायची खूण आहे.

आता दुखण्याबद्दल. सुरुवातीचा मेलॅनोमा सहसा दुखत नाही. बेसल सेल कार्सिनोमा हा त्वचेच्या कॅन्सरचा तिसरा प्रकारही सहसा दुखत नाही : खपली धरते, पडते, थोडं रक्त येतं, बरं झाल्यासारखं वाटतं आणि पुन्हा तेच. सावळ्या त्वचेत तो काळपट दिसतो, त्यामुळे साधा तीळ म्हणून खपतो. दुखण्याची वाट पाहण्याऐवजी बदल पाहा. तिळाचे दोन अर्धे एकमेकांशी जुळत नाहीत, कडा वेड्यावाकड्या आहेत, एकाच तिळात दोन-तीन रंग आहेत, आकार ६ मिलिमीटरच्या वर गेला आहे, किंवा तो बदलतो आहे. यातलं शेवटचं लक्षण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण काही मेलॅनोमा लहान असतात, काही चक्क गुलाबी असतात आणि काही टणक गाठीसारखे झपाट्याने वर येतात. शिवाय बहुतेक मेलॅनोमा जुन्या तिळातून नव्हे, तर कोऱ्या त्वचेवर उगवतात. म्हणून मोठेपणी आलेला, इतर तिळांपेक्षा वेगळा दिसणारा डाग दाखवायलाच हवा. महिनाभरात न भरलेली जखमही.

राहिली सुरी. बायोप्सीमुळे, म्हणजे तपासणीसाठी तुकडा कापून घेतल्यामुळे, मेलॅनोमा पसरतो याला पुरावा नाही. उलट तो त्वचेत किती मिलिमीटर खोल गेला आहे हे त्या तुकड्यावरूनच कळतं आणि पुढचे उपचार त्यावर ठरतात. खोली १ मिलिमीटरच्या आत असेल तर बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेने बरे होतात. चुन्याने जळते ती वरची कातडी. खाली उरलेल्या पेशी वाढत राहतात, आणि वर झालेल्या व्रणामुळे मूळ डाग कसा होता हेही डॉक्टरला दिसत नाही. हीच अडचण संशयास्पद तीळ लेझरने जाळला तरी येते, कारण तपासायला काही उरतच नाही. म्हणून तीळ केवळ दिसण्यासाठी काढायचा असला तरी आधी तो त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, आणि कापून काढला तर तो तुकडा पॅथॉलॉजीकडे पाठवणार का, हे काढण्यापूर्वीच विचारा.