परत फुटलेला गंज आणि ‘पत्राच नासका’ हा गैरसमज

गाडीच्या दाराच्या खालच्या कडेला किंवा चाकाच्या कमानीवर गंज आला, वॉरंटीत दुरुस्त करून घेतला आणि काही महिन्यांत त्याच जागी पुन्हा फुगे दिसले, की एक सल्ला हमखास पुढे येतो. त्याचा आशय असा: ‘गंज म्हणजे पत्र्याचा कॅन्सर. एकदा परतला म्हणजे पत्राच नासका. त्याच जागेचं काम कंपनी दुसऱ्यांदा करत नाही, आणि वॉरंटी आरपार भोक पडल्यावरच लागू होते. तेव्हा घासा, रस्ट कन्व्हर्टर (गंजावर लावायचं रसायन) मारा, खालून जाड अंडरकोटिंग (डांबरी किंवा रबरी थर) करून घ्या आणि मोकळे व्हा.’ यात थोडं खरं आहे, ते त्या त्या जागी मान्य करू. बाकीचं ऐकलं तर गंज तर राहतोच, शिवाय भांडायला हातात असलेला पुरावाही जातो.

‘परतला म्हणजे पत्राच नासका’

गंज पत्र्याच्या पोटातून रोगासारखा पसरत नाही. लोखंड, ओल आणि प्राणवायू एकत्र आले की तो धरतो. ओल आणि हवा तोडली की थांबतो. बॉडीचा बाहेरचा पत्रा साधारण ०.६ ते ०.८ मिमी जाडीचा असतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून रंगाखाली जरासा धरला तरी रंग उचलला जातो. त्याच जागी तो पुन्हा आला, तर बहुतेक वेळा दोष पत्र्याचा नसतो, अर्धवट कामाचा असतो. कुठली पायरी गाळली ते फुगा कुठे आणि कसा आला यावरून बरंचसं कळतं.

दुरुस्त केलेल्या भागाच्या मधोमध, थोड्याच महिन्यांत बारीक पुटकुळ्या आल्या तर गंज खड्ड्यांत राहिला होता असं समजा. ग्राइंडरची चकती पत्र्याचा वरचा पृष्ठभाग चकचकीत करते, पण खड्ड्यांच्या तळाशी पोचत नाही. पत्रा चांदीसारखा चमकत असताना बॅटरीच्या तिरप्या उजेडात सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसले, तर तो गंजच. त्यात क्षारही अडकलेले असतात. ते हवेतली ओल ओढून घेतात आणि वरच्या रंगाखाली काम पुन्हा सुरू होतं. असे खड्डे बारीक ब्लास्टिंगनेच, म्हणजे दाबाच्या हवेने वाळूसारखे कण मारूनच, नीट निघतात.

पॅचच्या कडेने गोल रेघ धरून फुगे आले तर गोष्ट वेगळी. घासताना चांगल्या भागावरचा जस्ताचा मुलामाही निघाला, हा मुलामा बहुधा दहाएक मायक्रॉनचाच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, आणि उघड्या पडलेल्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर (उघड्या पत्र्यावरचा, ओल अडवणारा पहिला थर) न मारता थेट पुट्टी किंवा सरफेसर (रंगाआधी पृष्ठभाग सपाट करणारा थर) चढवला. पुट्टीत शंखजिऱ्याची भुकटी असते, ती पाणी शोषते. त्यात कोणी ती ओल्या पॉलिश पेपरने घासली असेल तर पाणी आत बंद करूनच वर रंग मारला गेला. फुगा फोडल्यावर गंजाऐवजी नुसतं पाणी निघालं, तर बहुधा हेच झालेलं असतं.

तिसरा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो आणि सगळ्यात चुकीचा दुरुस्त होतो: दाराच्या, बोनेटच्या किंवा डिकीच्या कडेला ओळीने आलेले फुगे. दाराचा बाहेरचा पत्रा खाली आतल्या पत्र्याभोवती दुमडलेला असतो, साडीच्या काठाला घालतात तशी घडी. त्या घडीत चिकट पदार्थ असतो आणि तोंडावर सीलरची पट्टी. कारखान्यात अख्खी बॉडी बुडवून विजेच्या मदतीने जो गंजरोधक लेप, म्हणजे ई-कोट, चढवतात, तो घडीच्या आत पुरता शिरत नाही. म्हणून सगळी भिस्त सीलरवर. सीलरला केसाएवढी चीर पडली की पाणी केशाकर्षणाने आत चढतं आणि वाळायला जागा नसते. गंज आतून बाहेर येतो. बाहेरून घासून रंगवलं तर त्याला हातही लागलेला नसतो, आणि वॉरंटीत ‘दुरुस्त’ झालेल्या दारांचं बहुतेक वेळा हेच होतं. इथे घडी उघडून काम करा, नाहीतर दाराची बाहेरची कातडी किंवा पूर्ण दार बदला. तिसरा मार्ग नाही.

‘रस्ट कन्व्हर्टर गंजाचं पुन्हा लोखंड करतो’

करत नाही. त्यातलं फॉस्फोरिक आम्ल गंजाचं फॉस्फेट करतं, टॅनिक आम्ल काळंनिळं टॅनेट करतं. दोन्हीतून लोखंड परत मिळत नाही. पातळ, घट्ट बसलेल्या गंजावर, वायर ब्रशने सुटं निघेल तेवढं काढल्यावर, ते बरं काम करतं. चॅसीच्या एखाद्या ब्रॅकेटवर जरूर वापरा. पण पापुद्रे धरलेल्या जाड गंजात ते वरच्या थरापुरतं काळं होतं आणि खाली सगळं होतं तसंच राहतं. घडीच्या आत तर पोचतच नाही. शिवाय मागे उरलेल्या आम्लावर इपॉक्सी नीट धरत नाही. बऱ्याच इपॉक्सी प्रायमरच्या माहितीपत्रकात आम्लयुक्त थरावर मारू नका असं लिहिलेलं असतं. पुढच्या वेळी रंग सालपटासारखा निघतो तो यामुळेही.

‘जाड अंडरकोटिंग केलं की चिंता मिटली’

कोरड्या, स्वच्छ, प्रायमर मारलेल्या पत्र्यावर अंडरकोटिंग चांगलंच. गंजावर मारलेलं डांबरी किंवा रबरी अंडरकोटिंग म्हणजे ओल्या जखमेवर प्लास्टिक. ते वाळून कडक होतं, कडेला सुटतं, मागे पाणी शिरतं आणि वरून सगळं काळं कुळकुळीत छान दिसतं. तपासायचं असेल तर कडेला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हलकेच घाला. थर अख्ख्या पट्टीने सुटून खाली तांबडी भुकटी दिसली तर समजायचं काय ते. त्यात घाईत मारलेल्या थराने सिलची (दारांखालच्या आडव्या पोकळ पट्टीची) आणि दाराखालची पाणी निघायची भोकं बुजली, तर आतून गंजायची सोय आपणच करून दिली.

‘वॉरंटी भोक पडल्यावरच, आणि एकदाच’

इथे अर्धं खरं आहे. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत दोन वेगळी कलमं असतात: रंग आणि वरवरच्या गंजासाठी कमी मुदतीचं, आणि आतून बाहेर आरपार भोक पडण्यासाठी जास्त मुदतीचं. दुसऱ्या कलमात भोकाची अट असते हे बरोबर. पण म्हणून भोक पडेपर्यंत गप्प बसा असा अर्थ काढू नका. दोष दिसताच कळवण्याची अटही त्याच पुस्तिकेत अनेकदा असते, आणि उशीर केल्याचं कारण पुढे करून दावा नाकारता येतो. ‘एकदाच’ म्हणणाऱ्याला ते कलम दाखवायला सांगा. केलेल्या दुरुस्तीची हमी सहसा मूळ मुदत संपेपर्यंत चालते, आणि फसलेली दुरुस्ती हा नवा दोष नसून जुनीच न मिटलेली तक्रार असते. जॉबकार्डावर ‘गंज’ एवढंच लिहू देऊ नका. ‘अमुक तारखेच्या, अमुक क्रमांकाच्या दुरुस्तीनंतर त्याच जागी पुन्हा गंज’ असं लिहून घ्या, किलोमीटरसकट.

त्याआधी घासू नका, कन्व्हर्टर लावू नका. ‘ग्राहकाने बाहेर काम केलं’ हे नकाराचं सगळ्यात सोपं कारण. शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा: एक लांबून, एक जवळून, एक दार उघडून घडीच्या आतल्या बाजूचा. ‘दगड लागला’ असं उत्तर येणार हे धरूनच चाला. दगडाच्या माराला मध्ये टवका असतो, आतून आलेल्या फुग्यावर रंग अखंड असतो. तो अखंड रंग फोटोत स्पष्ट दिसला पाहिजे. मग रंगाची जाडी मोजणारं मीटर लावा. मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. पुन्हा रंगवलेला भाग २०० च्या वर जातो, आणि ५०० च्या पुढचा आकडा बहुधा पुट्टीचा. पलीकडच्या दारावर त्याच जागी मोजून दोन्ही आकडे लिहून ठेवा. गंजाच्या दुरुस्तीत पुट्टीच पुट्टी निघाली तर हे दोन आकडेच बोलतात.

तपासणी होईपर्यंत दाराखालची भोकं प्लास्टिकच्या काडीने मोकळी करा, धुतल्यावर दार उघडं ठेवून वाळवा. आत मेण किंवा तेल मात्र फवारू नका. ते घडीतून झिरपून बाहेर येतं आणि नव्या रंगाला माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडतात.

‘घासून रंगवलं की झालं’

दगडाच्या ताज्या टवक्यापुरतं हे खरं: टोकदार पात्याने गंज खरवडा, इपॉक्सीचा थेंब, रंग, लॅकर (वरचा पारदर्शक थर), संपलं. परतलेल्या गंजाला हा क्रम पुरत नाही. रंग दिसणाऱ्या गंजाच्या पलीकडे दोन-तीन सेंटिमीटर, चांगला चमकता पत्रा लागेपर्यंत काढायचा. खड्डे ब्लास्ट करायचे, आणि पत्रा चाळणीसारखा झाला असेल तर कापून नवा तुकडा जोडायचा. ग्रीस काढणाऱ्या द्रवाने पुसायचं, उघड्या हाताने शिवायचं नाही. त्याच दिवशी, दमट हवेत तर तासा-दोन तासांतच, इपॉक्सी प्रायमरचे दोन हात. पत्रा दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या ओलीचं दव होतं, त्यापेक्षा) किमान ३ अंश सेल्सिअस गरम हवा, नाहीतर न दिसणाऱ्या ओलीवरच प्रायमर बसतो. पुट्टी आणि सीम सीलर इपॉक्सीच्या वर, खाली नाही. मग सरफेसर, रंग, लॅकर. वेल्डिंग केलं असेल तर मागच्या बाजूचा लेप जळलेला असतो, तिथे बाहेरून ब्रश पोचत नाही. म्हणून रंग पूर्ण सुकल्यावर लांब नळीच्या नोझलने आत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत मारायचं गंजरोधक मेण, फवारतात. बहुतेक फसलेल्या कामांत नेमकी हीच पायरी गळालेली असते, कारण ती गिऱ्हाइकाला दिसत नाही.

बोल्टने बसणाऱ्या भागांना, म्हणजे दार, बोनेट, डिकी, पुढचं मडगार्ड, एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवा भाग मागावा. तो कारखान्यातूनच ई-कोट होऊन येतो. गॅरेजमध्ये तो लेप कोणाला चढवता येत नाही. तो पत्र्यापर्यंत घासून टाकू नका, नुसता खरखरीत करून रंगवा, असं जॉबकार्डावर लिहायला लाजू नका. गाडी परत घेताना दाराखालच्या भोकांपाशी बोट फिरवा. मेणाचा पिवळसर चिकटा बोटाला लागला नाही, तर चावी घेण्याआधी विचारा.