गाठायचं तर आधी खाली उतरा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

देवगडहून तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. तुमचे आक्षेप दोन. कक्षेत पुढे असलेलं यान गाठायला आधी वेग कमी करायचा, हे मी लिहिलेलं तुम्हाला पटलेलं नाही. ‘पुढचा ट्रॉलर गाठायचा तर आम्ही इंजिनाला रेस देतो.’ आणि अपोलो ११ चार दिवसांत चंद्रावर उतरलं, चांद्रयान-३ ला चाळीस लागले, त्याला इंधनबचत म्हणणं म्हणजे दुबळेपणावर पांघरूण.

आधी ट्रॉलर. इंजिन बंद केलं की पाणी त्याला थांबवतं. कक्षेतलं यान मात्र इंजिन बंद असतानाच फिरत असतं. त्याला पुढे ढकललं की कक्षा उंचावते, फेरी लांबते आणि ते मागे पडतं. उलट वेग कमी केला की ते खाली उतरतं, फेरी आखूड होते आणि ते पुढे सरकतं. जून १९६५ मध्ये जेमिनी-४ या अमेरिकी यानातल्या जेम्स मॅकडिव्हिट यांनी स्वतःच्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याकडे तोंड करून जोर लावला होता. इंधन जळत गेलं, टप्पा हाती लागला नाही, शेवटी नाद सोडावा लागला.

आता हिशेबच करू. उंची ४०० किमी, एक फेरी साडेब्याण्णव मिनिटांची, लक्ष्य ९४० किमी पुढे. तुम्ही १० किमी खाली उतरलात तर दर फेरीला सुमारे ९४ किमी भरून निघतात. म्हणजे दहा फेऱ्या, साडेपंधरा तास. उतरणं आणि परत चढणं मिळून वेगात सेकंदाला साधारण ११ मीटरचा बदल करावा लागतो, त्यातच इंधन जातं. ५ किमीच उतरलात तर खर्च निम्मा, वेळ दुप्पट. घाई किती, हे ठरवलं की इंधन आपोआप ठरतं. मला या विषयात सगळ्यात आवडतं ते हेच.

चांद्रयानाचं रॉकेट लहान होतं, हे तुमचं खरं. त्याचं एलव्हीएम-३ सुमारे ६४० टनांचं, अपोलोचं सॅटर्न-५ जवळपास २,९०० टनांचं. म्हणून १४ जुलै २०२३ पासून यान पृथ्वीभोवतीच फिरत, दर वेळी पृथ्वीच्या अगदी जवळ आल्यावर इंजिन पेटवत कक्षा वाढवत गेलं. तिथे वेग सर्वाधिक असतो, त्यामुळे तेवढ्याच इंधनात जास्त ऊर्जा मिळते. प्रत्यक्ष चंद्राकडे ते निघालं १ ऑगस्टला आणि ५ तारखेला चंद्राच्या कक्षेत शिरलं. उतरायचं मात्र तिथला सूर्योदय झाल्यावरच, कारण लँडर सौरऊर्जेवर चालणारा. तो मुहूर्त २३ ऑगस्टचा. आधी पोचून नुसतं ताटकळावं लागलं असतं.

माणसं पाठवायची झाली की तुमचा आक्षेप जसाच्या तसा लागू होतो. जास्त दिवस म्हणजे जास्त हवा, जास्त अन्न आणि पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सर्गाच्या पट्ट्यांतून पुन्हा पुन्हा जाणं. तिथे मोठं रॉकेटच हवं.