नामदेव आणि नानक भेटले होते का? एक खुलासा

आषाढी जवळ आली की आमच्या नांदेड-हिंगोलीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘संत नामदेव आणि गुरू नानक जिवलग मित्र. गोदाकाठी दोघांनी मिळून भजनं केली, म्हणून नामदेवांची पदं गुरू ग्रंथ साहिबात आली.’ ऐकायला गोड, पण खरं नाही. नामदेवांचा काळ 1270 ते 1350, नानकांचा जन्म 1469 चा. मधे शंभरावर वर्षं, भेटणार कसे?

पदं मात्र आहेत, चांगली 61. गाणाऱ्यांच्या तोंडी ती पिढ्यान्‌पिढ्या राहिली आणि 1604 मध्ये शिखांचे पाचवे गुरू अर्जनदेव यांनी सिद्ध केलेल्या ग्रंथात आली.

दोस्तीच बघायची तर त्याच ग्रंथात कबीरांचे श्लोक काढा. तिथे त्रिलोचन हा संतकवी नामदेवांना टोकतो, आणि त्याला चक्क ‘मीत’ म्हटलंय. नामा, मायेत गुंतलास, कापड कसलं छापत बसलास, रामाकडे चित्त लाव की! नामदेव चिडत नाहीत. त्रिलोचना, तोंडानं राम म्हण, हातापायांनी काम कर, चित्त त्याच्यापाशी ठेव, एवढंच उत्तर. (आपल्याकडे नामदेव शिंपी, तिकडे छिपा, म्हणजे कापड छापणारे. हा फरक मला फार आवडतो.)

आणि समकालीन सोबती म्हणाल तर आपले ज्ञानेश्वर आहेतच. दोघांच्या तीर्थयात्रेचे अभंग घरोघरी म्हटले जातात. नामदेवांचं जन्मगाव मानल्या जाणाऱ्या नरसीच्या लोकांनी तरी तो मेसेज पुढं ढकलू नये, बाबांनो.